पिशवीतली नीळ

मागच्या पावसाळ्यात मागच्या अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरून आईच्या खुब्याचं हाड मोडलं, आणि ऐंशीला एक वर्ष कमी असताना माणूस पडला की जे जे होतं ते सगळं झालं, ऑपरेशन, आठ दिवस हॉस्पिटल, मध्येच लघवी अडकली म्हणून नळी, आणि घरी आणलं ते त्या नळी-पिशवीसकटच. मी पुण्याहून रजा टाकून मिरजेला येऊन राहिले. दिवसा मावशी आणि रात्री मी अशी पाळी लावलेली. पलंगाच्या कडेला खाली हुकाला युरोबॅग अडकवलेली असायची, किती एमएल झाली ते वहीत लिहायचं, रिकामी करायची, हात धुवायचे. पहिल्या आठवड्यात त्या पिशवीकडे बघताना पोटात कालवायचं, तिसऱ्या आठवड्यात ते दूध तापवण्याइतकं रोजचं झालं.

तर एका सकाळी मी चहा टाकत होते आणि आतून मावशींची हाक आली, "ताई, लवकर या, पिशवी बघा कशी झालीय." धावत गेले. पिशवी जांभळी झाली होती. नळीतून येणारी लघवी पिवळीच, जरा गढूळ, पण पिशवीचं प्लॅस्टिक आतून गच्च जांभळं, वरच्या शिवणीपाशी तर निळाभोर कडा. जांभळाच्या झाडाखाली उभं राहिलं की कपड्याला जे डाग पडतात ना तो रंग. मी खाली वाकून पिशवी उजेडात धरली, हलवली, रंग हलला नाही, तो प्लॅस्टिकलाच धरून बसला होता. माझे हातपाय गार पडले, डोक्यात रक्त, किडनी, इन्फेक्शन, काय काय येऊन गेलं.

आईने उशीवरून मान वळवून खाली पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नीळ सांडली का गं कुणी?"

मी म्हटलं, "आई, नीळ कुठली, आता घरात नीळ आणतं कोण." ती म्हणाली, "मला काय नीळ ओळखू येत नाही होय?"

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. बाबा शाळेत मास्तर होते, पांढरा शर्ट आणि पांढरं धोतर, आणि आयुष्यातली पस्तीस वर्षं तिने त्या कपड्यांना नीळ दिली होती. फडक्याच्या पुरचुंडीत नीळ बांधून बादलीत हलकेच बुडवायची, दोन फेरे द्यायचे, पाण्याचा रंग पहाटेच्या आभाळाइतका फिका झाला की पुरचुंडी बाहेर, जास्त झाली तर कपडा निळसर दिसतो आणि कमी झाली तर पिवळा, आणि एकदा का कपड्यावर नीळ ठिपक्यांनी बसली की ती जात नाही. हे सगळं तिच्या बोटांत होतं. तिला नीळ ओळखू येणारच होती.

गावातल्या एका डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले बीट खाल्लं असेल. बीट आमच्याकडे आठवडाभर आलंच नव्हतं. मग ओळखीतल्या एका युरॉलॉजिस्टला फोटो पाठवला आणि दोन मिनिटांत त्यांचा फोन आला, म्हणाले घाबरू नका, याला पर्पल युरीन बॅगच म्हणतात, नळी बरेच दिवस असलेल्या म्हाताऱ्या बायकांमध्ये होतं, पोट साफ होतंय का त्यांचं? मी म्हटलं नाही, चार दिवस झाले. "मग त्यानेच. नळी आणि पिशवी बदलून घ्या, लघवीचं कल्चर करा, पोटाचं बघा. आणि तुम्ही तर मेटाबोलिझमवाल्या ना, तो इंडॉक्सिल सल्फेट आहे, तुम्हीच मला शिकवाल."

फोन ठेवला आणि मी तिथंच पलंगाच्या पायथ्याशी बसले. कारण इंडॉक्सिल सल्फेट मी चौदा वर्षं रोज बघतेय. औषधाचं शरीरात पुढे काय होतं ते बघणाऱ्या आमच्या लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे रेणूंचं वजन सांगणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनवर निगेटिव्ह मोडला २१२ वर तो येतो, तुटला की ८० चा आणि १३२ चा तुकडा देतो, कुठल्याही माणसाच्या लघवीत असतोच, इतका की नवीन पोरं त्याला औषधाचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, समजून फसतात आणि मग मी त्यांना सांगते की बाबा हा घरचाच आहे, हा सोड. चौदा वर्षं मी त्याला 'हा सोड' म्हणत आले. आणि तो माझ्या आईच्या पलंगाखाली निळा होऊन लटकत होता.

आता हे नीट सांगते, कारण मला ते त्या दिवसापासून कुणाला तरी सांगायचंय.

आपण डाळ, अंडं, दूध खातो त्यातल्या प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. त्यातलं बरंचसं शरीर वापरतं, पण जे मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं त्याचं तिथले बॅक्टेरिया इंडोल करतात. पोट चार दिवस साफ नाही झालं की त्यांना वेळच वेळ, इंडोल जास्त तयार होतं. ते रक्तात शिरून लिव्हरला जातं, लिव्हर त्याला एक ऑक्सिजन लावतं, झालं इंडॉक्सिल. आणि हे इंडॉक्सिल म्हणजे निळीचा कच्चा माल. खरोखरची नीळ, जिच्यासाठी बिहारात शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीने निळीखाली गेल्या आणि १९१७ ला गांधीजी चंपारणला गेले ती नीळ. निळीच्या झाडाच्या पानात इंडॉक्सिल साखरेला बांधलेलं असतं, पानं हौदात भिजवली की साखर सुटते, मग मजूर ते पाणी काठ्यांनी, पायांनी घुसळायचे, हवा लागली की दोन-दोन इंडॉक्सिल एकमेकांना चिकटून निळा रंग खाली बसायचा.

झाड साखरेला बांधतं, आपलं लिव्हर सल्फेटला, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजनच्या एका गटाला, बांधतं. एवढाच फरक. आणि हे जे बांधणारं एन्झाइम आहे, शाळेत ज्याला विकर म्हणायचे, त्याचं नाव सल्फोट्रान्स्फरेज, आम्ही लॅबमध्ये नुसतं 'सल्ट' म्हणतो. बांधलेलं इंडॉक्सिल बिनरंगाचं असतं, निमूटपणे रक्तातून किडनीत, किडनीतून लघवीत, लघवीतून बाहेर. आयुष्यभर रोज. आईच्या पिशवीत मात्र बॅक्टेरिया मुक्कामाला होते, आणि त्यातल्या काहींकडे सल्फेट कापायची कात्री असते. त्यांनी सल्फेट कापलं, इंडॉक्सिल मोकळं झालं, पिशवीत हवा होतीच, निळा इंडिगो आणि त्याच्याबरोबर लाल इंडिरुबिन तयार झालं, निळा अधिक लाल म्हणजे जांभळा. निळीचा हौद आमच्या पलंगाखाली लागला होता. (बाजारात मिळणारी कपड्यांची नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, ते वेगळंच रसायन, म्हणजे आईच्या पुरचुंडीत जे होतं त्याच्यापेक्षा पिशवीतली नीळ जास्त अस्सल होती.)

हा प्रकार पहिल्यांदा छापून आला १९७८ ला, पण त्याच्या मागची गोष्ट शंभर वर्षं आधीची आहे आणि ती मला फार आवडते. ऑयगेन बाउमान नावाचे एक जर्मन केमिस्ट. त्या काळात जखमांना सर्रास कार्बोलिक आम्ल लावायचे, म्हणजे फिनॉल, आणि ते अंगात मुरायचं. बाउमानांनी १८७६ ला अशा पेशंटची लघवी तपासली. लघवीतलं सल्फेट मोजायची पद्धत सोपी, बेरियम टाकायचं, पांढरा साका खाली बसतो. पण या लघवीत बेरियम टाकून झालं, साका गाळून झाला, आणि मग उरलेलं पाणी आम्ल घालून उकळलं तर परत साका यायला लागला. म्हणजे काही सल्फेट लपलेलं होतं, कशाला तरी बांधलेलं. ते फिनॉलला बांधलेलं होतं. विष अंगात शिरलं आणि शरीराने त्याला सल्फेट लावून बाहेर काढलं, हे माणसाच्या बाबतीत पहिल्यांदा असं पकडलं गेलं. पुढे १८७९ ला लघवीतलं हे निळीचं पूर्वरूप म्हणजे इंडॉक्सिल सल्फेटच, हेही बाउमान आणि त्यांचे सहकारी ब्रीगर यांनीच दाखवलं. आणि याच बाउमानांनी त्याआधी १८७२ ला व्हिनाइल क्लोराईड उन्हात ठेवलेलं असताना त्याचा पांढरा घट्ट पदार्थ झालेला पाहिला होता, ज्याचं तेव्हा काय करायचं कुणालाच कळलं नाही. तो पदार्थ म्हणजे पीव्हीसी. युरोबॅग पीव्हीसीची असते.

म्हणजे ती पिशवी पण त्यांची आणि आतलं इंडॉक्सिल पण त्यांचं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आई झोपली होती, आणि मला ते सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

बाउमानांना बांधलेलं सल्फेट सापडलं, पण ते बांधलं कसं जातं हे कळायला आणखी ऐंशी वर्षं लागली. सल्फेट हा तसा सुस्त प्राणी, आपणहून कशालाच चिकटत नाही. शरीर आधी त्याला दोन एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, खर्चून एका मोठ्या रेणूवर चढवतं, त्या रेणूला आम्ही 'पॅप्स' म्हणतो. १९५० च्या दशकात रॉबिन्स आणि लिपमान यांनी तो शोधून काढला, हे तेच फ्रिट्झ लिपमान ज्यांना १९५३ ला कोएन्झाइम ए साठी नोबेल मिळालं. सल्ट एन्झाइमच्या खोबणीत एका बाजूला पॅप्स बसतो, दुसऱ्या बाजूला औषध किंवा हार्मोन किंवा जे काय असेल ते, मधला हिस्टिडीन नावाचा एक अमिनो आम्लाचा तुकडा समोरच्या रेणूच्या ओएच वरचा हायड्रोजन ओढून घेतो आणि सल्फेटचा गट इकडून तिकडे जातो. झालं. वजन बरोबर ८० ने वाढतं. पॅरासिटामॉल १५१ चं २३१, डोपामिन १५३ चं २३३. आमच्या लॅबमध्ये "काय निघालं?" विचारलं की पोरं "प्लस एटी" एवढंच म्हणतात आणि सगळ्यांना कळतं.

पण वजन ही खरी गोष्टच नाही. सल्फेट लागलं की रेणूवर कायमचा ऋण भार येतो. पेशींच्या भिंती तेलकट असतात, भार असलेली वस्तू त्यातून अशी सहज आरपार जात नाही, तिला ठरलेल्या दारातूनच जावं लागतं, आणि ती दारं मुख्यतः किडनीत आणि पित्ताच्या वाटेवर. शिवाय जिथे जाऊन तो रेणू आधी काम करायचा तिथल्या कुलपात आता ती किल्ली बसत नाही. म्हणजे रेणू मेला नाही, मोडला नाही, फक्त त्याला आता इथे राहता येणार नाही.

माणसात असे १३ सल्ट माहीत आहेत आणि मला त्यातल्या प्रत्येकाबद्दल तासभर बोलता येईल पण मी बोलणार नाही. फक्त त्यांचा स्वभाव सांगते. सल्ट म्हणजे आमची आई. चार पाहुणे आले की ती न बोलावता उठायची, पाणी, चहा, पोहे, पाहुण्याने चप्पल काढून होईपर्यंत सगळं तयार. पण चाळीस आले की तिचं सामान संपायचं, मग आचारीच बोलवायला लागायचा. सल्ट तसंच, थोडंसं औषध आलं तरी चटकन ओळखतं, चटकन सल्फेट लावतं, पण पॅप्सचा साठा थोडा, मोठा डोस आला की हात रिकामे. मग आचारी म्हणजे ग्लुकुरोनिडेशन, सल्फेटऐवजी साखरेपासून बनलेला एक तुकडा लावणं, ते हळू सुरू होतं पण पातेली मोठी. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची गोळी घेतली की साधारण निम्मी ग्लुकुरोनाइड होऊन जाते, तिसरा हिस्सा सल्फेट होऊन, आणि थोडीशी, पाच-दहा टक्के, तिसऱ्याच वाटेने जाऊन एक घातक रेणू तयार होतो ज्याला लिव्हरमधलं ग्लुटाथायोन निष्प्रभ करतं. डोस वाढत गेला की आधी सल्फेटचे हात रिकामे होतात, जास्त माल त्या तिसऱ्या वाटेला लागतो, मग ग्लुटाथायोन संपतं आणि लिव्हर जळायला लागतं. ताप उतरत नाही म्हणून दर दोन तासांनी गोळी, वर सर्दीची वेगळी गोळी ज्यात परत पॅरासिटामॉलच, असं करणारी माणसं मी माझ्या नात्यात बघितलीत आणि प्रत्येक वेळी हात जोडून थांबवलंय. आणि घरात मांजर असेल तर तिला चुकूनही देऊ नका, मांजरांकडे पॅरासिटामॉलसाठीचा तो आचारीच धड नाही, सगळा भार सल्फेटवर, एक गोळीसुद्धा जीव घेते.

लहान बाळांचं मात्र उलट. माझी मुलगी चार महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा ताप आला, रात्रभर मी ड्रॉपर हातात घेऊन बसले होते, वजनावरून डोस तीनदा काढला, तरी हात थरथरत होता. बाळाचा आचारी अजून कामाला लागलेला नसतो, ग्लुकुरोनिडेशन महिन्या-वर्षांनी जोर धरतं, पण सल्फेटवाली जन्माआधीपासून हजर असते. नवजात बाळ पॅरासिटामॉल मुख्यतः सल्फेट लावूनच बाहेर टाकतं. मला हे माहीत होतं, मी ते शिकलेले होते, आणि तरी त्या रात्री ते आठवलं तेव्हा जो धीर आला तो पुस्तकातला नव्हता. एवढुसा जीव, त्याला धड बसता येत नाही, पण आत कुणीतरी आधीपासून कामाला लागलंय.

जन्माआधीपासून म्हणाले ते उगाच नाही. पोटातल्या बाळाच्या किडनीवरच्या ग्रंथी डीएचईए नावाचं हार्मोन बनवतात, त्याला सल्फेट लावतात आणि रक्तात सोडतात. सल्फेट लागलेलं असल्यामुळे ते वाटेत काही उचापत करत नाही. ते वारेपर्यंत, म्हणजे प्लॅसेंटापर्यंत, पोचतं, वार ते सल्फेट कापते आणि त्यापासून इस्ट्रोजेन बनवते, आईचं शरीर गरोदरपण ज्यावर सांभाळतं त्यातला मोठा वाटा असा बाळाकडून आलेला असतो. म्हणजे इथे सल्फेट बाहेर हाकलायला नाही, प्रवासाला लावलंय, डब्यावर फडकं बांधून द्यावं तसं. मी सात महिन्यांची गरोदर असताना लॅबमध्ये हेच प्रयोग करत होते, उणे ८० च्या फ्रीझरमधून पॅप्सची एवढीशी कुपी काढायची, बर्फावर ठेवायची, महाग आणि नाजूक माल, आणि पोटात ती लाथा मारत होती, आणि तेच काम ती माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने करत होती.

आता केळ्याचं. व्हॉट्सअॅपवर दर आठवड्याला येतं की केळ्यात डोपामिन असतं, केळं खा, आनंदी रहा. केळ्यात डोपामिन असतं हे खरंच आहे, भरपूर असतं. पण आतड्याच्या अस्तरात सल्टचा एक प्रकार ठाण मांडून बसलाय, १ए३ त्याचं नाव, आणि डोपामिन हे त्याचं खास गिऱ्हाईक. येणाऱ्या डोपामिनला तो तिथल्या तिथे सल्फेट लावतो. माणसाच्या रक्तात जे डोपामिन फिरतं त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त सल्फेट लावलेलंच असतं, जेवणानंतर तर त्याचं प्रमाण कितीतरी पट चढतं. आणि जे चुकून मोकळं राहील त्याला तसंही रक्तातून मेंदूत शिरता येत नाही. मेंदू आपलं डोपामिन आपणच बनवतो. केळं खावं, जळगावचं मिळालं तर आनंदाने खावं, पण तो आनंद जिभेचा. मला यात वेगळंच वाटत राहतं. विचार करा, पानातल्या प्रत्येक घासातलं असलं काहीबाही थेट रक्तात मोकळं सुटलं असतं तर जेवण झाल्यावर छाती धडधडली असती, ब्लडप्रेशर खालीवर झालं असतं. आपण जेवून शांतपणे सुपारी कातरू शकतो त्यामागे हा पहारा आहे. आणि हा १ए३ उंदरात नसतोच, उंदीर डोपामिनला मुख्यतः ग्लुकुरोनाइड लावतो, त्यामुळे उंदरावर सुंदर चाललेलं औषध माणसाच्या आतड्यात पोचताच संपतं असं होऊ शकतं, आणि आमच्या सारख्यांच्या नोकऱ्या त्यावरच चालतात.

बाबांना दमा होता. ते गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्यांना सालब्युटामॉलची गोळी चालू होती, चार मिलिग्रॅमची, आणि ती घेतली की त्यांचे हात कापायचे, खडू धरताना अक्षर हलायचं, फळ्यावरचं त्यांचं अक्षर गावात नावाजलेलं होतं म्हणून त्याचं त्यांना फार लागायचं. पंप घ्या म्हटलं तर नको, पंपाची सवय लागते, लोक काय म्हणतील. तेव्हा मी कॉलेजात होते, मला एवढं कळत नव्हतं. गिळलेल्या सालब्युटामॉलला आतड्यात तोच १ए३ गाठतो, जवळपास निम्मं औषध रक्तात मोकळं पोचतच नाही, म्हणून गोळीत एवढं घालावं लागतं, आणि मग उरलेलं सगळ्या अंगभर फिरतं, फुप्फुसाबरोबर हातांनाही लागतं. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या हिस्स्याइतकं, आणि ते थेट छातीत. हे मला पाच वर्षं आधी कळलं असतं तर मी त्यांच्या पाया पडून पंप घ्यायला लावला असता. शेवटी त्यांनी तो घेतला, पण तोवर शाळा सुटली होती.

सल्फेट लावलं म्हणजे दर वेळी रेणू निवृत्त झाला असं पण नाही. मिनॉक्सिडिल बघा, आधी ती ब्लडप्रेशरची गोळी होती, १९७९ ला अमेरिकेत आली, लोकांच्या अंगावर नको तिथे केस यायला लागले, मग १९८८ ला तेच डोक्याला लावायचं औषध झालं. मिनॉक्सिडिल स्वतः केसांसाठी फारसं काही करत नाही, केसाच्या मुळाशी असलेलं सल्ट त्याला सल्फेट लावतं तेव्हा ते जागं होतं. कुणाच्या डोक्यात हे एन्झाइम भरपूर, कुणाच्या कमी, म्हणून एकाच बाटलीने एकाला फरक पडतो आणि त्याच्या भावाला पडत नाही, आणि तो बिचारा समजतो की मी नियमित लावलं नाही. आणि याची काळी बाजू म्हणजे काही रसायनांना सल्फेट लावलं की ते सल्फेट झटकन सुटतं आणि मागे जो तुकडा राहतो तो थेट डीएनएला जाऊन चिकटतो. विस्कॉन्सिनच्या जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या नवराबायकोने १९६० च्या दशकात अशा कॅन्सरकारक रसायनांचा पाठलाग करत करत शरीर स्वतःच त्यांना कसं घातक करतं हे दाखवलं, आणि त्या साखळीच्या शेवटी हे एन्झाइम उभं होतं. एन्झाइमला समोर आलेलं काय आहे हे कळत नाही, त्याला ओएच दिसतो आणि ते सल्फेट लावतं. मला याचा राग येत नाही. ते त्याच विश्वासाने काम करतं ज्या विश्वासाने बाळाच्या वेळी करत होतं.

आईच्या बाबतीत मला रात्री झोप लागू न देणारी गोष्ट नीळ नव्हतीच. कल्चरमध्ये इन्फेक्शन निघालं, औषध झालं, नळी बदलली, इसबगोल आणि कोमट पाणी सुरू केलं, पोट साफ झालं, नवीन पिशवी पिवळीच राहिली, मावशींचा जीव भांड्यात पडला. पण त्याच वेळच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन २.१ होतं. किडनी थकलीय. आणि इंडॉक्सिल सल्फेटला रक्तातून उचलून लघवीत टाकायचं दार किडनीतच आहे. दार जड झालं की लिव्हर आपलं काम करत राहतं, रोजच्या रोज सल्फेट लावत राहतं, आणि तो बांधलेला माल रक्तात साठत जातो, तिथे तो ९० टक्क्यांहून जास्त अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनला चिकटून बसतो म्हणून डायलिसिसलाही नीट दाद देत नाही, आणि रक्तवाहिन्यांना, उरलेल्या किडनीलाच त्रास देतो. जपानमध्ये १९९१ पासून यासाठी एक खास कोळशाची पूड देतात, जी आतड्यातच इंडोल धरून ठेवते, म्हणजे पुढचं सगळं घडायलाच नको. मी नेफ्रॉलॉजिस्टना त्याबद्दल विचारलं, त्यांनी समजावून सांगितलं की तुमच्या आईच्या टप्प्यावर पोट साफ ठेवणं, प्रोटीन बेताचं, पेनकिलर बंद, ब्लडप्रेशर काबूत, हेच करायचं. तेच करतोय. ज्या रेणूला मी चौदा वर्षं 'हा सोड' म्हणत होते त्याच्यावर आता माझं रोज लक्ष असतं, आज पोट साफ झालं का हा प्रश्न मी पुण्याहून फोनवर आधी विचारते आणि जेवलीस का नंतर.

दिवाळीत मिरजेला गेले तेव्हा आई वॉकर धरून घरात फिरायला लागली होती, नळी कधीच निघाली होती. मी लॅबमधून एक प्रिंटआउट नेलं होतं. आम्ही मशीन तपासायला औषध न घेतलेल्या लोकांची लघवी चालवतो, त्याला ब्लँक म्हणतात, त्याचा तो आलेख, आणि २१२ च्या पीकवर मी पेनाने गोल केला होता. तिच्या शेजारी बसून सांगितलं, आई, तुझ्या पिशवीत जी नीळ होती ना, तू म्हणालीस तशी ती खरंच नीळ होती, आणि ती ही बघ, सगळ्यांच्यात असते, माझ्यात पण आहे.

तिने चष्मा लावला. कागद जवळ धरला, लांब धरला. म्हणाली, "यात निळं कुठाय?"

म्हटलं, सल्फेट लावलेलं आहे तोवर रंग नसतो, ते सुटलं की मग निळं होतं.

"बरं," म्हणाली, "मग ते लावलेलंच राहू दे." आणि कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर मावशींच्या खाड्यांचा हिशेब मांडायला लागली, मंगळवार एक, गुरुवारी अर्धा दिवस.